रोज चालतात, तरी पडतात कशा?

प्रश्न: माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. गेल्या सहा महिन्यांत त्या घरातच दोनदा पडल्या. एकदा दाराची बेल वाजली म्हणून घाईने मागे वळताना, आणि एकदा कपाटातली वरची वस्तू काढताना. नशिबाने हाड मोडलं नाही. त्या रोज अर्धा तास चालतात, तरी असं का व्हावं? आता त्या भीतीने भिंत धरूनच वावरतात, आणि आम्ही त्यांना एकटं उठू देत नाही. हे बरोबर आहे ना?

उत्तर: तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. सासूबाई चालताना पडलेल्या नाहीत. एकदा वळताना पडल्या, एकदा हात उंचावून चवड्यांवर उभं राहताना. सपाट रस्त्यावर चालताना शरीर सरळ पुढे जातं. बाजूला झुकणं, मागे पाऊल टाकणं, गर्रकन वळणं त्यात फारसं येत नाही. चालणं मुळीच बंद करू नका, त्याचे फायदे वेगळे आहेत. पण तोल सुधारायचा तर तोल थोडा ढळेल असं काहीतरी करावं लागतं. कॉक्रेन या संस्थेने २०१९ साली १०८ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात २३ हजारांहून अधिक लोक होते. तोलाचे आणि उठण्या-बसण्यासारख्या हालचालींचे व्यायाम करणाऱ्यांचं पडण्याचं प्रमाण जवळपास पाव हिश्शाने कमी झालं होतं. त्याला ताकदीच्या व्यायामांची जोड मिळाली तिथे साधारण एक तृतीयांशाने. नुसत्या चालण्याबद्दल मात्र असं खात्रीने सांगता आलं नाही.

दुसऱ्या प्रश्नावर मला स्पष्टच बोलायला हवं. त्यांना एकटं उठू न देणं आजपासून थांबवा. खुर्चीतून उठताना मांडीचे मोठे स्नायू शरीराचा भार उचलतात. आपण काखेत हात घालून उठवलं की ते काम आपण करतो. दिवसातून पंधरा-वीस वेळा आपसूक होणारा व्यायाम आपण प्रेमापोटी त्यांच्याकडून काढून घेतो आणि काही महिन्यांत त्यांना खरोखरच उठता येईनासं होतं. तुम्ही शेजारी उभ्या राहा, हात तयार ठेवा, पण उठू द्या त्यांना.

भिंत धरण्याचंही तसंच. पडण्याची भीती वाटली की माणूस हालचाल कमी करतो, त्याने पाय आणखी कमजोर होतात आणि पडण्याची शक्यता वाढते. एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे यायच्या, त्यांचं अगदी हेच झालं होतं. आम्ही ओट्याजवळ सुरुवात केली. एक पाऊल दुसऱ्याच्या थेट पुढे, मागच्या पायाचा अंगठा पुढच्या टाचेला लागेल असं. पहिल्या दिवशी त्यांनी ओटा इतका घट्ट धरला की बोटांची पेरं पांढरी पडली. मी म्हटलं, तळवा उचला, नुसती बोटं राहू द्या. त्याबरोबर घोटा थरथरायला लागला, पावलावर दोऱ्यांसारख्या शिरा ताणून वर आल्या. "बघा, पडणार मी," त्या म्हणाल्या. मी त्यांना खाली पायाकडे बघायला लावलं. ते थरथरणं म्हणजे पाय क्षणाक्षणाला तोल सावरत होता, आणि आम्हाला हवं होतं ते तेच. तिसऱ्या आठवड्यात दोन बोटं उरली. सहाव्या आठवड्यात एकच बोट, तेही टेकलं न टेकलं. असं टाचेला अंगठा लावून आधाराशिवाय दहा सेकंद उभं राहता येत नसेल, तर पडण्याचा धोका जास्त आहे असं आम्ही धरतो. त्या पहिल्यांदा दहा सेकंद उभ्या राहिल्या तेव्हा मला त्यांच्याहून जास्त आनंद झाला होता.

सासूबाईंनी हेच करावं. मागे भक्कम खुर्ची, पुढे ओटा, म्हणजे तोल गेला तरी बसता येईल. ओटा धरून कडेकडेने दहा पावलं उजवीकडे, दहा डावीकडे. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, मग उलट, चवडे उचलून टाचांवर. हे दुसरं लोक टाळतात, पण नडगीवरचा स्नायू ढिला पडला की चालताना चवडा पुरेसा उचलला जात नाही आणि पायपुसण्याच्या कडेला अडकतो. खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठणं-बसणं, जमेल तसं दहापर्यंत. जमायला लागलं की आधार कमी करायचा. वर्षभर तेच घट्ट धरून करत राहिलं तर फायदा फारसा होत नाही. आठवड्याचे मिळून तीन तास हे ध्येय ठेवा, सुरुवातीला दहा-दहा मिनिटांनी केलं तरी चालेल.

मात्र आधी डॉक्टरांना एवढं विचारा: उठल्यावर रक्तदाब उतरतो का, झोपेची एखादी गोळी चालू आहे का, चष्म्याचा नंबर बदलला आहे का. पडण्याआधी डोळ्यांपुढे अंधारी आली असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर व्यायाम नंतर, तपासणी आधी.

प्रश्न: मी ८३ वर्षांचा असून एकटा राहतो. या वयात व्यायामाने काय फरक पडणार? आणि पडलोच तर उठायचं कसं?

उत्तर: काका, तुमच्या वयाच्या माणसांवरच हे तपासून झालं आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ८० वर्षांच्या आणि त्यापुढच्या २३३ स्त्रियांची पाहणी केली, ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. निम्म्या जणींना फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम शिकवले. पहिल्या दोन महिन्यांत भेटी फक्त चार, बाकी त्यांचं त्यांनी केलं. वर्षभरात त्या गटात ८८ वेळा पडणं झालं, दुसऱ्या गटात १५२ वेळा.

उठण्याचं तंत्र पडण्याआधीच शिकून ठेवा. पडल्यावर लगेच धडपडू नका. आधी थोडं थांबा, कुठे तीव्र दुखतंय का ते पाहा. खुबा किंवा मांडी हलवता येत नसेल तर उठूच नका, मदत बोलवा. सगळं ठीक असेल तर कुशीवर वळा, कोपरावर भार देऊन हात-गुडघ्यांवर या आणि रांगत जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत जा. दोन्ही हात बैठकीवर टेका, जो पाय जास्त बळकट आहे त्याचं पाऊल पुढे रोवा, हातांनी आणि त्या पायाने जोर देऊन उठा आणि वळून खुर्चीत बसा. लगेच उभे राहू नका, दोन मिनिटं बसून राहा.

दोन-तीनदा तरी हे पलंगाशेजारी, जाड सतरंजीवर करून बघा. पहिल्या वेळी कुणाला तरी जवळ बोलवा, आणि गुडघे फार दुखत असतील तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा. फोन टेबलावर ठेवायची सवय असेल तर तो आता खिशात ठेवत चला. जमिनीवरून टेबलापर्यंत हात पोहोचत नाही.