हात लावला की माउंट आणि काम झालं की अनमाउंट, हे लिनक्सवर आपोआप कसं करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: रोज रात्री बाहेरच्या यूएसबी डिस्कवर बॅकअप घेता, शिवाय अधूनमधून त्यातली एखादी जुनी फाइल काढायची असते. डिस्कची नोंद एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे माउंट करायची याची यादी असलेल्या फाइलमध्ये) केली, तर ज्या दिवशी ती जोडलेली नसते त्या दिवशी कॉम्प्युटर सुरू होताना दीड मिनिट अडून बसतो आणि मग इमर्जन्सी मोडच्या काळ्या पडद्यावर नेऊन सोडतो. नोंद काढून टाकली, तर माउंट (डिस्क एका फोल्डरला जोडून वापरात घेणं) आणि अनमाउंट (ती तिथून सोडवणं) दोन्ही हाताने करत बसावं लागतं.

एक खुलासा आधीच. आज्ञा आणि पर्याय मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिलेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत करा.

‘आपोआप माउंट’ म्हणताना लोकांच्या मनात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो. एक, कॉम्प्युटर सुरू होताना माउंट. दोन, डिस्क जोडल्या क्षणी माउंट. तीन, कुणी त्या फोल्डरमध्ये शिरल्यावर माउंट. तुम्ही पहिल्या प्रकाराची सोय वापरताय आणि अपेक्षा तिसऱ्याची करताय.

पहिल्यात दीड मिनिट का जातं? लिनक्स सुरू करून त्यातली कामं सांभाळणारा सिस्टमडी हा प्रोग्रॅम सुरुवातीलाच एफएसटॅब वाचतो आणि प्रत्येक ओळीचं एक माउंट युनिट, म्हणजे एक स्वतंत्र काम, बनवतो. ओळीत वेगळं काही सांगितलेलं नसेल, तर ही डिस्क असायलाच हवी असं तो धरून चालतो आणि ९० सेकंद तिची वाट पाहतो. पर्यायांत ‘नोफेल’ लिहिलं की हे अडणं संपतं. नसेल तर नसू दे, पुढे चल, एवढाच त्याचा अर्थ. तुमची अर्धी तक्रार या एका शब्दाने मिटेल.

दुसरा प्रकार तुम्ही पेनड्राइव्ह लावताना रोज बघता. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नवी डिस्क आल्याचं कळवतं, यूडेव्ह तिची ओळख पटवतो, यूडिस्क्स ती माउंट करतो आणि फाइल मॅनेजरमध्ये चिन्ह दिसतं. पण हे सगळं डेस्कटॉपवर कुणी लॉगइन असेल तर. रात्री तीन वाजता लॉगइन स्क्रीनवर बसलेल्या कॉम्प्युटरला याचा उपयोग नाही. मग लोक यूडेव्हच्या नियमात थेट ‘माउंट’ आज्ञा घालतात. मीही घातली होती. आज्ञा चालते, चूक दाखवत नाही आणि डिस्क कुठेच दिसत नाही! यूडेव्ह स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये चालतो, त्यामुळे त्याने केलेलं माउंट त्याच्यापुरतंच राहतं. एवढं कळायला माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली. तुमची जाऊ नये.

आता तिसरा प्रकार, म्हणजे खरा ऑटोमाउंट. रिकाम्या फोल्डरच्या जागी कर्नल ‘ऑटोएफएस’ नावाची एक पोकळ फाइल सिस्टम बसवतं. दिसायला ते फोल्डरच, पण असतो सापळा. एखादा प्रोग्रॅम त्यात पाऊल टाकायला गेला की कर्नल त्याला उंबऱ्यावरच थांबवतं आणि राखणदाराला निरोप देतं. राखणदार खरी डिस्क माउंट करतो आणि ‘सोड त्याला’ असं उलट कळवतो. थांबलेला प्रोग्रॅम पुढे जातो आणि आपण मधे थांबलो होतो याचा त्याला पत्ताही नसतो. राखणदाराचं काम सिस्टमडी करू शकतो किंवा ‘ऑटोएफएस’ याच नावाचं वेगळं पॅकेज. कल्पना जुनी आहे. १९८०च्या दशकात सन मायक्रोसिस्टम्सने ती एनएफएससाठी (दुसऱ्या मशीनवरचे फोल्डर नेटवर्कवरून वापरायच्या पद्धतीसाठी) आणली, कारण सगळ्या मशीननी सगळ्या सर्व्हरचे फोल्डर कायमचे माउंट करून ठेवले, तर एक सर्व्हर पडला तरी बाकीची मशीन खोळंबायची.

घरच्या एका डिस्कसाठी सिस्टमडी पुरतो, वेगळं पॅकेज टाकू नका. एफएसटॅबच्या ओळीत डिस्कची ओळख यूयूआयडीने, म्हणजे तिच्या स्वतःच्या वेगळ्या क्रमांकाने, द्या. ती ‘एलएसबीएलके -एफ’ने कळते. ‘एसडीबी१’ वगैरे नावं जोडण्याच्या क्रमावर बदलतात, त्यांच्यावर विसंबू नका. मग माउंट पॉइंट, म्हणजे डिस्क ज्या फोल्डरला जोडायची ते, समजा ‘एमएनटी’मधलं ‘बॅकअप’ फोल्डर. मग फाइल सिस्टमचा प्रकार. आणि पर्यायांत चार गोष्टी. ‘नोफेल’ वर आलंच. ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ सापळा लावतो. ‘एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट’ म्हणजे किती वेळ कुणी फिरकलं नाही तर अनमाउंट करायचं. चौथा ‘एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट’, आणि तो लोक हमखास विसरतात. डिस्क जोडलेली नसताना कुणी त्या फोल्डरमध्ये डोकावलं, तर हा पर्याय नसल्यास तो पुन्हा ९० सेकंद लटकतो. इथे दहा सेकंद द्या, डिस्क झोपेतून उठायला तेवढे बरे.

फाइल सेव्ह केल्यावर आधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवा, ओळीतली टायपिंगची चूक तिथेच सापडते. मग ‘सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड’ आणि नंतर ‘एमएनटी-बॅकअप.ऑटोमाउंट’ हे युनिट सुरू करा. घाईत ‘माउंट -ए’ चालवू नका. त्याने डिस्क थेट माउंट होते, सापळा लागतच नाही आणि नंतर ते युनिट ‘इथे आधीच काहीतरी माउंट आहे’ म्हणून सुरू व्हायला नकार देतं.

इथपर्यंतचं काम पाच मिनिटांचं. खरी कटकट अनमाउंटची. माउंट करायला निमित्त असतं, कुणीतरी हात लावलेला असतो. अनमाउंटसाठी तसं निमित्त नाही. तुमचं काम झालंय हे कर्नलला कळत नाही. त्याला फक्त एवढंच दिसतं की आत एकही फाइल उघडी नाही, कुठलाही प्रोग्रॅम त्या फोल्डरमध्ये मुक्काम ठोकून नाही आणि त्या फोल्डरच्या पोटात दुसरं काही माउंट नाही. ही स्थिती ठरलेला वेळ टिकली तरच अनमाउंट होतं. कधीतरी एका टर्मिनलमध्ये तुम्ही त्या फोल्डरमध्ये शिरलात आणि खिडकी मिनिमाइझ करून विसरलात, तर डिस्क आठवडाभर माउंट राहील. शेलचं चालू फोल्डर हाही वापरच. ‘फ्यूजर -व्हीएम’ला माउंट पॉइंट दिला की कोण आत बसलंय ते कळतं. शोधासाठी फाइलींची यादी करणारे इंडेक्सरही असेच, प्रत्येक फेरीत घड्याळ पुन्हा शून्यावर आणतात. अशाच ‘अपडेटडीबी’ नावाच्या इंडेक्सरच्या कॉन्फिगमध्ये ‘प्रूनपाथ्स’ या ओळीत हा माउंट पॉइंट टाका, डेस्कटॉपच्या सर्चमधूनही तो वगळा.

आयडल-टाइमआउट मी दोन मिनिटं ठेवते. दहा-वीस सेकंद ठेवून पाहिलं, तर बॅकअपच्या दोन टप्प्यांच्या मधेच डिस्क उतरायची आणि परत चढायची.

अनमाउंट होत नाही म्हणून वैतागून ‘यूमाउंट -एल’ मात्र करू नका. नाव फोल्डरच्या झाडातून गायब होतं, पण आतली शेवटची फाइल बंद होईपर्यंत फाइल सिस्टम जिवंतच असते. तुम्हाला वाटतं सुटली, तुम्ही केबल ओढता. लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर जातो असंही नाही. तो आधी रॅममध्ये साठतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये कर्नल दर ५ सेकंदांनी बघतं आणि ३० सेकंदांहून जुना झालेला मजकूर खाली उतरवतं. म्हणून कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर पोहोचल्यावरही डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो. उरलेलं सगळं लिहून झाल्याची खात्री अनमाउंट देतं, कॉपीची पट्टी देत नाही.

अनमाउंट झालंय का हे फोल्डर उघडून बघू नका, कारण बघण्यानेच ती पुन्हा माउंट होते! (हे मी किती वेळा केलंय ते विचारू नका.) ‘फाइंडएमएनटी’ची यादी बघा. त्यात ऑटोएफएसची ओळ कायमच दिसणार, तो सापळा. त्याच जागेवर तुमच्या खऱ्या फाइल सिस्टमची दुसरी ओळ नसेल तर डिस्क सुटलेली आहे. मग ‘यूडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ’ करून केबल काढा, कारण अनमाउंटने चकती फिरायची थांबत नाही.

आता बॅकअपबद्दल, कारण इथे मी चांगलीच पोळले आहे. ऑटोमाउंट वापरायच्या आधी माझी स्क्रिप्ट नुसती त्या फोल्डरमध्ये आरसिंक (फाइली कॉपी करणारी आज्ञा) करायची. एकदा डिस्कची केबल सैल झाली, माउंट झालंच नाही. पण रिकामं फोल्डर जागेवर होतंच. आरसिंकने नऊ रात्री इमानेइतबारे सगळा बॅकअप मुख्य डिस्कवरच, त्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहिला. मुख्य डिस्क भरली. मी केबल नीट केली, बाहेरची डिस्क माउंट झाली आणि नऊ रात्रींच्या फाइली तिच्याखाली झाकल्या गेल्या. डिस्कवरची मोकळी जागा सांगणारं ‘डीएफ’ म्हणतंय जागा संपली, फोल्डरांचा आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ला ती कुठे गेली ते सापडत नाही.

सापळा लागलेला असेल तर हा अपघात सहसा टळतो, कारण डिस्क नसताना रिकामं फोल्डर हाती न येता एरर येते. पण ऑटोमाउंट युनिटच बंद असेल तर पुन्हा तेच. म्हणून सापळा आणि डिस्क दोन्ही नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचएटीटीआर +आय’ चालवून ठेवा. मग त्यात रूटलाही (सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्यालाही) काही लिहिता येत नाही, आणि डिस्क वर माउंट झाली की तिला त्याचा अडथळा होत नाही. शिवाय डिस्कवर एक खुणेची फाइल ठेवा आणि ती दिसली तरच स्क्रिप्ट पुढे जाऊ द्या. ‘माउंटपॉइंट’ या आज्ञेने तपासणी इथे कामाची नाही. ऑटोएफएस हीसुद्धा तिथे माउंट झालेलीच असते, त्यामुळे ती आज्ञा आपली ‘हो’ म्हणते.

बॅकअप संपल्यावर दोन मिनिटं थांबायचं कारण नाही. स्क्रिप्टच्या शेवटी ‘सिस्टमसीटीएल स्टॉप एमएनटी-बॅकअप.माउंट’ घाला, आणि स्क्रिप्ट मधेच फसली तरी ही ओळ चालेल अशी सोय शेलच्या ‘ट्रॅप’ने करा. साधं ‘यूमाउंट’ही चालतं, पण चुकून दोनदा चाललं तर दुसऱ्या वेळी सापळाच निघून येतो.

खरं सांगायचं तर जुनी फाइल काढायची गरज तुम्हाला महिन्यातून एकदाच पडत असेल, तर मी ऑटोमाउंट लावणारच नाही. ओळीत ‘नोऑटो’ (सुरू होताना माउंट करू नको) आणि ‘नोफेल’ ठेवेन आणि माउंट, खुणेची तपासणी, आरसिंक, अनमाउंट हे चारही स्क्रिप्टकडून करून घेईन. ऑटोमाउंटची डिस्क कुणालाही दार उघडते, फाइली पुसत सुटलेल्या चुकीच्या आज्ञेलासुद्धा. बॅकअपची डिस्क दिवसातले तेवीस तास बंद असलेलीच बरी. फाइल दर दोन-तीन दिवसांनी लागत असेल तर मात्र सापळा सोयीचा.

ऑटोएफएसचं वेगळं पॅकेज नेटवर्कवरच्या फोल्डरांसाठी घ्यावं, विशेषतः शंभर वापरकर्त्यांची होम फोल्डरं एका सर्व्हरवर असतील तेव्हा. त्याच्या मॅप फाइलमध्ये (कोणतं फोल्डर कुठून आणायचं याच्या यादीत) एका फुलीच्या (*) ओळीत सगळ्यांची सोय होते. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये टाइमआउट ३०० सेकंद दिलेला असतो.

तुमची डिस्क लक्सने एन्क्रिप्ट केलेली आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर अनमाउंट झाल्यावरही तिचं कुलूप उघडंच राहतं आणि ‘क्रिप्टसेटअप क्लोज’ वेगळं करावं लागतं. ती ओळ स्क्रिप्टमध्ये माउंट युनिट थांबवल्यानंतर घाला, आधी घातलीत तर डिस्क वापरात असल्याची तक्रार येईल.