जुना ड्रायव्हर साफ करायचा तर चेकपॅच सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांना इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचे (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचे) कंट्रोलर बोर्ड पुरवणाऱ्या एका फर्ममध्ये तुम्ही नव्यानं लागला आहात. बोर्डावर लिनक्स कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, ४.९ ही आवृत्ती आहे. जॅकार्ड चालवणारा ड्रायव्हर (कर्नलला हार्डवेअरशी जोडणारा कोड) फर्मचा स्वतःचा, सगळा एकाच फाइलमध्ये, अडीच हजार ओळींचा, आणि तो लिहिणारे गृहस्थ नोकरी सोडून पुण्याला गेले. आता ६.१२ वर जायचंय. चेकपॅच, म्हणजे कोडची शैली तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट, चालवला तर नऊशेच्या वर इशारे आले. तुम्ही विचारताय की आधी हे इशारे मिटवू, की फाइल बाजूला ठेवून सगळं नव्यानं लिहू?

दोन्ही नको.

हा ड्रायव्हर कितीही कुरूप दिसला तरी तो वर्षानुवर्षं मागावर चालतोय. सोलापूरच्या मे महिन्यात शेडमध्ये काय तापमान असतं, बोर्डाच्या डब्यात किती तंतू जाऊन बसतात, आणि वीज येता-जाता काय काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे. त्या सगळ्यातून टिकलेल्या कोडमधली एखादी विचित्र ओळ म्हणजे निव्वळ कचरा असू शकते, किंवा हार्डवेअरबद्दलची अशी माहिती असू शकते जी दुसरीकडे कुठेच लिहिलेली नाही. साफसफाईचं खरं काम म्हणजे यातलं काय कुठलं हे ओळखणं. नव्यानं लिहिलंत तर ती माहिती एका फटक्यात जाते. चेकपॅचला ती दिसतच नाही, तो फक्त ओळीचा आकार बघतो.

एक उदाहरण बारकाईनं बघू, कारण ते तुमच्या फाइलीत सापडण्याची दाट शक्यता आहे. इंटरप्ट हँडलर म्हणजे हार्डवेअरनं हाक (इंटरप्ट) दिली की चालणारं फंक्शन. त्याच्या शेवटी ड्रायव्हर रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या नोंदीच्या जागेत, एक बिट लिहून हार्डवेअरला सांगतो की इंटरप्ट पोचला. त्याच्या खालच्याच ओळीत स्टेटस रजिस्टर वाचून ते टीएमपी नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं असतं आणि ते टीएमपी पुढे कुठेच वापरलेलं नसतं. जादा इशारे चालू करून कंपाइल केलं की कंपायलर म्हणतो, किंमत भरली पण वापरली नाही. नवीन माणूस व्हेरिएबलही काढतो आणि वाचणंही काढतो. कंपाइल स्वच्छ होतं. टेबलावर बोर्ड नीट चालतो. मागावर लावला की मधूनच डिझाइन एक पिक (आडव्या धाग्याची एक फेरी) पुढे सरकतं.

कारण असं. रजिस्टरमध्ये लिहिलं म्हणजे ते त्याच क्षणी चिपपर्यंत पोचलं असं नाही. अनेक बसवर (प्रोसेसर आणि चिप यांच्यातल्या वाटांवर) लिहिणं वाटेत थांबून राहतं आणि प्रोसेसर पुढे निघून जातो. हँडलर संपतो, पण चिपला अजून निरोप मिळालेला नाही, म्हणून इंटरप्टची लाइन तशीच चढलेली राहते. हँडलर पुन्हा चालतो, आणि तो स्टेटस न बघताच मोजत असेल तर तोच पिक दोनदा मोजला जातो. त्याच चिपवरून काहीतरी वाचलं की आधीचं लिहिणं पोचल्याशिवाय वाचनाचं उत्तर येतच नाही. त्यासाठी ती ओळ होती. काही चिपमध्ये तर स्टेटस रजिस्टर वाचणं हीच इंटरप्ट पुसण्याची रीत असते. म्हणून इथली योग्य साफसफाई म्हणजे व्हेरिएबल काढा, वाचणं राहू द्या, आणि वर एका ओळीत लिहा की हे वाचन कशासाठी आहे.

अशी ओळ कचरा आहे की माहिती, हे कळायचं कसं? गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात) इतिहास असेल तर गिट ब्लेम, जो कुठली ओळ कुणी कधी लिहिली ते दाखवतो, आणि एखादा शब्द कोडमध्ये पहिल्यांदा कधी आला हे शोधायला गिट लॉगचा कॅपिटल एस वाला पर्याय. बऱ्याच छोट्या फर्ममध्ये मात्र इतिहास म्हणजे झिप फाइलींची रांग असते. त्या झिप तारखेप्रमाणे लावून एकेक कमिट करा, म्हणजे गिटमध्ये नोंदवा. दोन दिवस जातील, पण पुढचे कित्येक महिने ते कामाला येईल. त्यानंतर चिपची डेटाशीट. आणि शेवटी कारखान्यातला जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा कारागीर. कुठल्या मागावर बोर्ड बदलल्यावर काय त्रास झाला होता, हे त्याला तारखेसकट आठवतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यात जाणार असाल आणि तेलुगू येत नसेल तर येणाऱ्याला सोबत घ्या, माणूस स्वतःच्या भाषेत जास्त सांगतो.

आता क्रम. आधी बग, मग रचना, मग ६.१२, आणि चेकपॅच सगळ्यात शेवटी. बग आधी का, तर कारखान्यांत बसलेले बोर्ड अजून ४.९ वरच आहेत. ४.९ डिसेंबर २०१६ मध्ये आला आणि त्याचा सांभाळ जानेवारी २०२३ मध्ये थांबला, म्हणजे वरून दुरुस्त्या येणं बंद. तुम्ही बग दुरुस्त कराल तो पॅच (बदलाचा तुकडा) त्या जुन्या बोर्डांवरही लागला पाहिजे. आधी नऊशे ओळींची मोकळी जागा हलवून ठेवलीत तर पुढचा एकही पॅच जुन्या शाखेवर सरळ लागणार नाही, आणि ब्लेममध्ये प्रत्येक ओळीवर तुमचं नाव येईल. मग वरच्यासारख्या ओळीचा माग काढणं आणखी अवघड.

बग शोधायला सुरुवात प्रोब आणि रिमूव्ह (डिव्हाइस जोडताना आणि काढताना चालणारी) या दोन फंक्शनांपासून करा. टेबलावर कुणी ड्रायव्हर काढून-घालून बघत नाही, म्हणून तिथे चुका साचलेल्या असतात. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे डेव्हएमची अर्धीमुर्धी मिसळ. डेव्हएम घराण्यातली फंक्शनं २००७ पासून कर्नलमध्ये आहेत. त्यांनी घेतलेली मेमरी, इंटरप्ट, क्लॉक डिव्हाइस जाताना आपोआप, घेतल्याच्या उलट क्रमानं सोडले जातात. गोष्ट सोयीची आहे, पण ही आपोआप सुटका रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतर होते. समजा इंटरप्ट डेव्हएमनं घेतलाय आणि पॅटर्नचा बफर साध्या केमॅलॉकनं, म्हणजे मेमरी हातानं मागून. रिमूव्हमध्ये बफर केफ्री होतो, म्हणजे सोडला जातो. त्या क्षणापासून इंटरप्ट प्रत्यक्ष सुटेपर्यंत हँडलर जिवंत असतो. मिनिटाला ३०० पिक धरले तर दर २०० मिलिसेकंदांनी एक इंटरप्ट येतोय. त्यातला एखादा नेमका या फटीत आला की हँडलर सोडून दिलेल्या मेमरीत लिहितो. मग दुसऱ्याच कुठल्या तरी ठिकाणी कर्नल कोसळतो आणि दोष वीजपुरवठ्यावर जातो. उपाय दोन आहेत: बफरही डेव्हएमनंच घ्या आणि तो इंटरप्टच्या आधी घ्या, म्हणजे उलट क्रमात इंटरप्ट आधी सुटेल, किंवा सगळंच हातानं, रिमूव्हमध्ये आधी हार्डवेअरचा इंटरप्ट बंद, मग इंटरप्ट सोडणं, मग टायमर आणि वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग) थांबवणं, मग मेमरी. मला पहिला उपाय पटतो, पण अर्धा हा आणि अर्धा तो असं कधीच करू नका.

रिमूव्हमधली दुसरी चूक: 'मोटर अजून चालू आहे' असं काही बघून मध्येच एरर परत करणं. लिहिणाऱ्याला वाटतं की एरर दिली की डिव्हाइस जाणार नाही. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरमध्ये कर्नल त्या एररकडे लक्ष देत नाही, डिव्हाइस जातंच, फक्त खालच्या ओळी चालायच्या राहतात आणि मेमरी लीक होते. हाच गोंधळ टाळण्यासाठी ६.११ पासून प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचं रिमूव्ह काहीच परत करत नाही असं करून टाकलं. तुम्हाला ते बदलावं लागणारच आहे. इंट काढून व्हॉइड टाकण्यावर थांबू नका, मधल्या प्रत्येक रिटर्नपाशी काय सुटायचं राहतंय ते बघा.

तपासायला डिबग कर्नल वेगळा बांधा: प्रूव्ह लॉकिंग, डिबग ॲटॉमिक स्लीप आणि केमेमलीक (लॉकच्या चुका, बंदीच्या जागी झोपणं आणि मेमरी लीक पकडणारे पर्याय) चालू. मग सिसएफएसमधल्या (कर्नलच्या गोष्टी फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या) बाइंड-अनबाइंडनं ड्रायव्हर रात्रभर काढत-घालत राहा, पिकच्या जागी सिग्नल जनरेटर लावून. हे चालू असताना इंटरप्ट येत राहिले पाहिजेत, नाहीतर वरची फट दिसणारच नाही.

विलंबांबाबत सावध राहा. चेकपॅच सांगेल की २० मिलिसेकंदांपेक्षा कमी एमस्लीप (ठरावीक वेळ झोपवणारं फंक्शन) वापरू नका. त्याचं बरोबर आहे. कर्नलचा टिक (घड्याळाचा ठोका) सेकंदाला १०० असेल तर १ मिलिसेकंद मागितली तरी झोप २० पर्यंत लांबू शकते. म्हणून लोक यूस्लीप रेंज (थोड्या वेळासाठी नेमकी झोप देणारं फंक्शन) टाकतात. पण उलटही घडतं. कोडमध्ये एमडिले दिसला की 'प्रोसेसर अडवून ठेवतोय' म्हणून त्याचा एमस्लीप केला जातो, आणि तो एमडिले स्पिनलॉकच्या (ज्यासाठी प्रोसेसर न झोपता वाट बघतो अशा लॉकच्या) आत असतो. तिथे झोपायला बंदी आहे. आधी लॉक कुठे घेतलाय ते बघा, आणि खरंच तो विलंब लॉकच्या आत लागतो का हेही.

६.१२ वर एका उडीत जाऊ नका. ४.१४, ४.१९, ५.४, ५.१०, ५.१५, ६.१, ६.६, ६.१२ अशा दीर्घ सांभाळाच्या आवृत्त्यांवर थांबत जा. प्रत्येक थांब्यावर मोजक्याच गोष्टी मोडतात. ४.१५ मध्ये टायमर बांधायची पद्धत बदलली, ५.० मध्ये ॲक्सेस ओकेचा पहिला आर्ग्युमेंट गेला, ५.६ मध्ये प्रॉक फाइलींसाठी वेगळं स्ट्रक्चर आलं, ६.४ मध्ये क्लास क्रिएटमधला मॉड्यूलचा आर्ग्युमेंट गेला. आणि मार्गदर्शन आयतं मिळतं: कर्नलमध्ये आतला इंटरफेस बदलणाऱ्यानं कर्नलमधल्या सगळ्या ड्रायव्हरांतही तो बदल करून द्यायचा अशी पद्धत आहे. तुमचा ड्रायव्हर बाहेर आहे म्हणून तो राहून गेला. तो कमिट शोधा, त्यात तुमच्यासारखा एखादा ड्रायव्हर बघा, आणि त्यात काय केलंय तसं करा. इंटरनेटवरच्या आवृत्ती तपासणाऱ्या इफडेफच्या (अटीप्रमाणे कोड घेणाऱ्या किंवा गाळणाऱ्या ओळींच्या) जंगलापेक्षा हे कितीतरी बरं. दोन शाखा ठेवा, एक ४.९ ची आणि एक नवी, पण एकाच फाइलीत दोन कर्नल सांभाळू नका.

या वाटेवर सर्वांत फसवी जागा जीपीआयओची, म्हणजे कोडमधून ० किंवा १ करता येणाऱ्या पिनांची. जुनी नंबरवाली फंक्शनं पिनवर जे सांगाल तेच टाकतात. नवी डिस्क्रिप्टरवाली फंक्शनं डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय कुठे जोडलंय याचं वर्णन) वाचतात: तिथे रीसेट पिनसाठी ॲक्टिव्ह लो (० असताना लागू) लिहिलं असेल तर तुम्ही १ दिलात की पिनवर ० जातो, कारण १ चा अर्थ 'रीसेट लागू'. जुना कोड ० देऊन रीसेट लावायचा आणि १ देऊन सोडायचा. फंक्शनचं नाव बदलून आकडे तसेच ठेवलेत तर चिप कायमची रीसेटमध्ये अडकते आणि तुम्ही एसपीआयमध्ये (चिपशी बोलायच्या तारांमध्ये) दोष शोधत बसता. त्याहून वाईट म्हणजे डिव्हाइस ट्रीत ध्रुवता चुकीची लिहिलेली असते आणि जुना ड्रायव्हर ती वाचतच नसल्यामुळे इतकी वर्षं कुणाला कळलेलं नसतं. हा बदल करताना बोर्ड समोर, हातात मल्टिमीटर, आणि आकडे त्याच कमिटमध्ये उलटे करा.

आता चेकपॅच. इथे मात्र मजेत काम करा, फक्त एका पॅचमध्ये एकाच जातीचा बदल ठेवा: एकात मोकळी जागा, एकात जादूई आकड्यांना नावं, एकात मेलेलं फंक्शन काढणं. ज्या पॅचनं वागणूक बदलायला नको, त्यानं ती बदलली नाही हे सिद्ध करता येतं. पॅचच्या आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला कोड) डिबग माहिती बंद ठेवून बांधा आणि डिसअसेंब्ली (त्या कोडचं वाचता येणारं रूप) ताडून बघा. कर्नलच्याच स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये ऑब्जडिफ नावाची स्क्रिप्ट त्यासाठी आहे. ओळींचे क्रमांक सरकल्यामुळे वॉर्न ऑनसारख्या (इशाऱ्यात ओळीचा क्रमांक छापणाऱ्या) ठिकाणी फरक दिसू शकतो, बाकी काही दिसलं तर तुमच्या 'मोकळ्या जागेच्या' पॅचनं मोकळ्या जागेपेक्षा जास्त काही केलंय. हे तपासून कमिटच्या मजकुरात लिहा. तपासणाऱ्याचा अर्धा वेळ वाचतो आणि विश्वास बसतो.

सगळे इशारे शून्यावर आणायचा हट्ट धरू नका. ओळ ८० अक्षरांपलीकडे गेली की तक्रार करणारा चेकपॅच २०२० पासून १०० पर्यंत गप्प बसतो. शैलीच्या कागदात पसंती मात्र ८० लाच आहे. रजिस्टरांचा तक्ता एका ओळीत वाचायला सोपा असेल तर तो मोडू नका.

तुम्हाला मुख्य कर्नलमध्ये पॅच पाठवायची सवय लावायची असेल तर स्टेजिंग फोल्डर बघा. २००८ मध्ये २.६.२८ बरोबर तो सुरू झाला, पुरेसे तयार नसलेले ड्रायव्हर तिथे ठेवून सुधारले जातात, आणि बहुतेकांबरोबर काय राहिलंय याची टूडू फाइल असते. मोकळ्या जागेचे पॅच तिथे शिकण्यासाठी चालतात. कर्नलच्या इतर सबसिस्टिममध्ये (विभागांमध्ये) नुसते असे पॅच पाठवलेत तर सांभाळणारे बहुधा घेणार नाहीत, आणि त्यांचं ते बरोबर आहे.

पुढे नेमकं काय करायचं हे सांगायला मला तुमचा इंटरप्ट हँडलर, पूर्ण रिमूव्ह फंक्शन, आणि डिव्हाइस ट्रीतल्या रीसेट पिनची ओळ एवढं लागेल. फर्मची हरकत नसेल तर तेवढं इथे टाका, नावं काढून टाकलीत तरी चालेल.