प्रश्नोत्तरे : महूच्या छावणीतले स्कॉटिश खापरपणजोबा

प्रश्न : माझ्या आजीचे आजोबा स्कॉटिश होते, असे आमच्या घरात सांगत आले आहेत. त्यांचे आडनाव मॅकडोनाल्ड. 1889 साली महूच्या छावणीतील चर्चमध्ये त्यांचे लग्न झाले आणि त्यांची मुलगी पुढे इंदूरच्या एका मराठी ख्रिस्ती घरात दिली. ते पलटणीत होते की रेल्वेत, याविषयी घरातच दोन मते आहेत. परदेशातील एका संस्थेने संपूर्ण वंशावळ आणि सोबत ‘मॅकडोनाल्ड घराण्याचे कुलचिन्ह’ देण्यासाठी मोठी रक्कम आगाऊ मागितली आहे. ती द्यावी काय?
— एक वाचिका, इंदूर

उत्तर : ती रक्कम देऊ नये. स्कॉटलंडच्या कायद्याप्रमाणे कुलचिन्ह आडनावाला नव्हे, एका विशिष्ट व्यक्तीला मिळते आणि तिच्या वारसाकडे जाते. त्याचा निवाडा एडिनबरो येथील लॉर्ड लायन यांचे न्यायालय करते. तेव्हा ‘घराण्याचे कुलचिन्ह’ विकणाऱ्याच्या बाकीच्या संशोधनावर किती विश्वास ठेवावा, हे आपणच ठरवावे.

संशोधक नेमणे चुकीचे नाही, पण आज ते फार लवकर होईल. आपल्याकडे नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनाव सांगितले की बाडातून पिढ्या निघतात. नुसते आडनाव सांगून तेही काही काढू शकणार नाहीत. स्कॉटलंडमध्येही तसेच आहे. तेथील जुन्या नोंदी पॅरिशनुसार, म्हणजे चर्चच्या गावविभागानुसार ठेवलेल्या आहेत, आणि मॅकडोनाल्ड तर तेथे पैशाला पासरी. म्हणून आधी पॅरिश शोधावा लागेल, आणि तो धागा भारतातल्याच कागदांत मिळण्याचा संभव आहे.

महू आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. प्रथम तेथील चर्चमध्ये विवाहाच्या मूळ नोंदवहीची चौकशी करावी. ती नसली तरी हताश होऊ नये, कारण पाद्री अशा नोंदींच्या प्रती वर पाठवीत आणि त्या लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. इलाख्यांप्रमाणे त्यांच्या बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा मालिका आहेत. आपण मुंबई व बंगाल या दोन्ही पाहाव्यात. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी या संस्थेची सूची विनामूल्य शोधता येते. विवाहाच्या नोंदीत वराचा हुद्दा आणि वडिलांचे नाव असते, त्यामुळे घरातला पलटण-रेल्वेचा वादही तेथेच मिटेल. ते शिपाई निघाले, तर लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात सेवामुक्तीचे कागद पाहावेत. त्यांत जन्मस्थानाचा पॅरिश बहुधा लिहिलेला असतो.

पॅरिश हाती आल्यावर मात्र स्कॉटलंडची दप्तरे फार उदार आहेत. तेथे 1 जानेवारी 1855 पासून सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी सुरू झाली आणि तिच्यात आईचे माहेरचे आडनाव आवर्जून लिहिले जाते. लग्नात मुलीचे पहिले नावही बदलणाऱ्या आपल्या समाजाला याचा हेवा वाटावा. 1889 साली ज्यांचे लग्न झाले, त्यांचा जन्म साधारण 1860 नंतरचा धरला, तर आणखी एक लाभ संभवतो : 1861 पासूनच्या जन्मनोंदींत आईवडिलांच्या लग्नाची तारीख व स्थळही असते. (1856 ते 1860 या काळात हा तपशील वगळला होता.) त्यामागच्या पिढीसाठी 1841 पासूनची दर दहा वर्षांची जनगणना आणि 1855 पूर्वीच्या चर्चच्या नोंदवह्या आहेत. या वह्या सर्वत्र सारख्या नाहीत, शिवाय 1843 साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून अनेक कुटुंबे नव्या ‘फ्री चर्च’मध्ये गेल्यामुळे काहींची नावे मूळ वहीत सापडत नाहीत. हे सर्व स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. सूची विनामूल्य आहे, मूळ पानासाठी थोडे शुल्क पडते.

एक सावधगिरी. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव देण्याची रीत तेथेही होती. आपल्याला ती ओळखीची वाटेल, पण तिच्यावरून माणूस ‘ठरवू’ नये. ती केवळ खूण आहे.

संशोधक लागेल तो येथून पुढे, म्हणजे एकाच पॅरिशमध्ये एकाच नावाचे दोन-तीन जण निघाले किंवा ऑनलाइन नसलेली जमिनीची अथवा न्यायालयाची दप्तरे एडिनबरोला जाऊन पाहायची झाली तर. त्यासाठी अ‍ॅस्ग्रा या स्कॉटिश संशोधकांच्या संघटनेच्या यादीतून माणूस निवडावा. मानधन बहुधा तासावर असते. म्हणून प्रथम थोडेच तास ठरवून एकच नेमका प्रश्न लेखी द्यावा, आणि कोणती वही कोणत्या सालापर्यंत पाहिली हे अहवालात नोंदवण्याची अट घालावी. काही न सापडल्यासही मानधन द्यावे लागते आणि ते रास्तच आहे, कारण कोठे नाही हे कळले म्हणजे तीच वही पुन्हा उलटावी लागत नाही.