तरवड आणि तरोटा एकच का?

प्रश्न असा आलाय की सासरी (सोलापूरकडे) घटाला तरवडाची माळ घालतात, माहेरी विदर्भात तरोट्याची भाजी करतात, दोन्हीची फुलं पिवळी, मग तरवड आणि तरोटा हे एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत का?

नाही हो, झाडंच दोन वेगळी आहेत. तरोटा म्हणजे इकडचा टाकळा, काही ठिकाणी त्यालाच तरवटा पण म्हणतात आणि खरा गोंधळ तिथेच होतो कारण तरवटा नि तरवड घाईत बोललं की कानाला सारखंच लागतं. टाकळा पावसाबरोबर उगवतो, कोवळा असतानाच खुडून भाजी करायची, पाऊस सरला की वाळून जातो. तरवड मात्र झुडूप, वर्षानुवर्षं माळावर उभं, लाकूड चिवट, शेळ्यासुद्धा सहसा तोंड लावत नाहीत, आणि याच्या सालीने पूर्वी कातडी कमवायचे. ओळखायचं असेल तर फुलं बघू नका, पानं बघा. टाकळ्याच्या पानात पानुल्यांच्या तीनच जोड्या, तरवडात आठ ते बारा, शिवाय देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी गोल हिरवी पाळी असते. तरवडाच्या शास्त्रीय नावातलं 'ऑरिक्युलाटा' त्या कानावरूनच आलंय.

दोघं वनस्पतींच्या एकाच 'सेन्ना' गटातले आहेत (आधी बाहव्यासकट सगळे 'कॅशिया' गटात होते, १९८२ मध्ये वेगळे काढले), त्यामुळे फुलं सारखी वाटली यात तुमची काही चूक नाही.

मला जास्त आवडतं ते शेजारच्या भाषांचं. गुजरातीत तरवड म्हणजे आवळ (आवळ्याशी काही संबंध नाही बरं का), तमिळमध्ये आवारम, कन्नडमध्ये आवरिके, तेलुगूत तंगेडु. तेलंगणाचं तर ते राज्यफूल आहे, बतुकम्मा (तिकडच्या सणातली फुलांची थरांची रचना) रचताना तंगेडु लागतंच, आणि ते दिवस साधारण आपल्या नवरात्राचेच! म्हणजे सीमेच्या अलीकडे तरवडाची माळ घटावर चढते तेव्हाच पलीकडे त्याच फुलांचे थर रचले जात असतात, कारण तेव्हा माळावर हे पिवळंधमक फुललेलं असतं आणि कुणाला विकत आणावं लागत नाही.

तेव्हा सासरी 'तरवडाची माळ' आणि माहेरी 'तरोट्याची भाजी' असंच म्हणा, दोन्ही बरोबर आहे. फक्त तरवडाची भाजी करायला जाऊ नका.