आधी ते पिवळं पाकीट उघडा

पत्र (थोडक्यात):

"ताई, आम्ही सावद्याचे. चौदा महिन्यांपूर्वी ह्यांच्या नोकरीसाठी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ आलो. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चार. सावद्याला घरचा सगळा हिशोब माझ्याकडे होता, केळीच्या गाड्यांपासून सोसायटीच्या कर्जापर्यंत. इथं मला काहीच काम नाही. हे घरी आले की बोलत नाहीत. सासूबाईंचा फोन पहाटे साडेतीनला येतो आणि 'माह्या पोराला तोडलं तू' हेच पालुपद. भरीत केलं की शेजारीण वासाची तक्रार करते. पोस्टाने येतं ते सगळं जर्मनमध्ये, ते मी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवते, हे वेळ मिळेल तेव्हा बघतील. मागच्या आठवड्यात एक पिवळं पाकीट आलंय. मला रोज रडू येतं. मुलांना घेऊन परत येऊ का?"

उत्तर:

ताई, तुमच्या मूळ पत्रात सासूबाईंवर दोन पानं आहेत, भरतावर अर्धं पान आणि ड्रॉवरवर दोन ओळी. मी त्या दोन ओळींवरच बोलणार. पिवळ्या पाकिटाबद्दलचा मजकूर तुम्हाला आधीच ईमेलने पाठवला आहे, कारण हे छापून येईपर्यंत थांबण्याइतका वेळ तुमच्याकडे नाही.

जर्मनीत पिवळं पाकीट उगाच येत नाही. कोर्ट किंवा सरकारी कार्यालय जेव्हा "कागद पोचला" याचा पक्का पुरावा ठेवू इच्छितं, तेव्हा ते पिवळ्या पाकिटातून पाठवतं. पोस्टमन पाकिटावरच तारीख लिहितो. घरी कुणी नसलं आणि त्याने ते पेटीत टाकलं, तरी कायद्याने ते तुम्हाला मिळालं. मुदत त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही उघडता त्या दिवसापासून नाही. म्हणून पाकीट फेकू नका, आतल्या कागदाला टाचून ठेवा.

आत काय असेल? वाहतुकीच्या दंडाचा आदेश असेल तर हरकतीला दोन आठवडे मिळतात. कुणी पैशाचा दावा लावला असेल तर वर "माहनबेशाइड" असं छापलेलं असेल. याला घाबरण्याचं कारण नाही, पण हा कागद नीट समजून घ्या. दावा खरा की खोटा हे कोर्टाने तपासलेलं नसतं. कुणीतरी फॉर्म भरला आणि कोर्टाने तो पुढे पाठवला, एवढंच. पैसे देणं लागत नसाल तर सोबतच्या छापील फॉर्मवर पूर्ण रकमेला हरकत असल्याची खूण करा, सही करा आणि दोन आठवड्यांच्या आत कोर्टात पोचेल असं नोंदणीकृत टपालाने पाठवा. कारण लिहावं लागत नाही. दोन आठवडे उलटले असले तरी फॉर्म पाठवाच, पुढचा आदेश निघेपर्यंत ती हरकत धरली जाते. तो पुढचा आदेश म्हणजे "फोल्श्ट्रेकुंग्सबेशाइड", आणि तोही पिवळ्याच पाकिटात येतो. त्यावरही दोन आठवडे असतात. तेही गेले तर समोरचा तुमचं बँक खातं गोठवू शकतो आणि तो हक्क त्याच्याकडे तीस वर्षं राहतो. मग दावा खोटा होता हे सांगून फारसा उपयोग नसतो.

आता बाकीचा ड्रॉवर. आज रात्री मुलं झोपली की सगळं जेवणाच्या टेबलावर ओता आणि नवऱ्याला समोर बसवा. दुसऱ्याच्या नावाचं बंद पत्र त्याला न विचारता उघडणं तिथे गुन्हा आहे, म्हणून त्यांच्या नावाची पत्रं त्यांच्या होकाराने उघडा. प्रत्येक पत्रात चार गोष्टी शोधा: कुणी पाठवलं, उजव्या कोपऱ्यातली तारीख, संदर्भ क्रमांक आणि "फ्रिस्ट", म्हणजे शेवटची मुदत. मोबाइलने फोटो काढून भाषांतर करून घ्या, छापील पत्राचं बऱ्यापैकी होतं. मात्र तारीख आणि रक्कम मूळ कागदावरच वाचा. सरकारी निर्णयाचं पत्र साध्या टपालाने आलं असेल, तर 2025 पासून ते पाठवल्यानंतर चौथ्या दिवशी पोचलं असं धरतात, आणि हरकतीला बहुधा तिथून एक महिना मिळतो.

त्या ढिगात काय निघेल याचा मला अंदाज आहे. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र नक्की असेल. ही वर्गणी घरटी महिना 18.36 युरो असते, घरात टीव्ही असो वा नसो, आणि उशीर झाला की किमान 8 युरोचा भुर्दंड बसतो. आरोग्य विम्याचा कुटुंबाबद्दलचा फॉर्म असू शकतो. हा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तुमचा आणि दोन्ही मुलांचा विमा नवऱ्याच्या विम्यावर चालत असेल, तर तो भरून न दिल्यास थांबवला जाऊ शकतो, आणि हे तुम्हाला मुलीला ताप आल्यावर दवाखान्यात कळेल. बालभत्त्याच्या कार्यालयाची चौकशी असू शकते. 2025 मध्ये हा भत्ता एका मुलामागे महिना 255 युरो होता. अर्ज राहिला असेल तर मागचे फक्त सहा महिन्यांचे पैसे मिळतात, त्याआधीचे गेले. मुलीच्या बालवाडीचं किंवा शाळेआधीच्या तपासणीचं पत्र असेल. घरमालकाचा हीटिंग-पाण्याचा वार्षिक हिशोब असेल. तो पटला नाही तर बारा महिन्यांत हरकत घेता येते, पण त्यासाठी तो वाचलेला असायला हवा.

"माहनुंग" असं छापलेलं पत्र म्हणजे तगादा. लेखी तगादे दोनदा गेले, पहिल्याला चार आठवडे उलटले आणि तुम्ही आक्षेपही घेतला नाही, तर थकबाकी पत नोंदवणाऱ्या कंपनीकडे कळवता येते. मग पुढचं भाड्याचं घर मिळवताना नाकी नऊ येतात. आणि पैसे भरताना बँकेच्या "फेरवेन्डुंग्सत्स्वेक" या रकान्यात संदर्भ क्रमांक अचूक टाका. नुसतं नाव लिहिलं तर पैसे पोचूनही कुणाच्या खात्यात धरायचे ते त्यांना कळत नाही, आणि तगादा चालूच राहतो. फार घरांत हीच चूक होते.

पत्रपेटीवर तुमचं नाव आहे का, तेही बघा. तिथे पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. पासपोर्टवर तुमचं माहेरचं आडनाव असेल आणि पेटीवर फक्त नवऱ्याचं, तर तुमचं विमा कार्ड आणि निवास परवान्याच्या पिनचं पत्र परत जातं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

पत्रं समजेनात तर कॅरितास, डियाकोनी, रेड क्रॉस या सेवाभावी संस्थांकडे परदेशातून आलेल्या प्रौढांसाठी सल्ला केंद्रं असतात, फुकट. तिथे पत्र घेऊन जायचं आणि समजावून घ्यायचं. फक्त आठ वर्षांच्या मुलाला दुभाषी म्हणून नेऊ नका. शाळेत तो भाषा भराभर शिकला असेल, पण घराच्या थकबाकीचं ओझं त्याच्या डोक्यावर का?

ताई, आता रागावून लिहिते. "मला काहीच काम नाही" असं तुम्ही लिहिता. मार्चअखेर आली की सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचं हे घरात तुम्हाला आठवायचं. व्यापाऱ्याने कटती जास्त धरली तर काट्याची पावती पुढे ठेवणाऱ्या तुम्ही. केळीच्या विम्याची मुदत तुम्ही सांभाळत होता. त्याच बाईने चौदा महिने कागद न वाचता ड्रॉवरमध्ये सरकवावेत, हे मला पटत नाही. भाषा येत नाही हे खरं, पण मुदत, रक्कम आणि पावती या तीन गोष्टी तुम्हाला कुणी शिकवायला नकोत. आणि "ह्यांना वेळ मिळेल तेव्हा" हे वाक्य सोडून द्या. त्यांना वेळ मिळत नाही हे चौदा महिन्यांत स्पष्ट झालंय. घरी आल्यावर ते गप्प असतात, त्याचं एक कारण त्या ड्रॉवरमध्ये असू शकतं. त्यात काय साठलंय हे त्यांना ठाऊक आहे आणि त्याची भीती वाटतेय, असं मला वाटतं. त्यांचं मी समर्थन करत नाही. घरच्या नावावर येणारा कागद चौदा महिने टाळणं ही बेजबाबदारी आहे, आणि ते तुम्ही त्यांना तोंडावर सांगा.

म्हणून हे काम रीतसर तुमच्याकडे घ्या. नवऱ्याकडून "फोलमाख्ट" लिहून घ्या. हे एका पानाचं अधिकारपत्र: त्यांचं नाव, तुमचं नाव, कोणत्या कामासाठी ते, तारीख, सही. ते असलं की विमा कंपनी, घरमालक, कार्यालय तुमच्याशी बोलतात. दोन भोकांची जाड फाइल आणा, विमा, घर, मुलं, परवाना, कर असे पाच भाग करा, आणि पत्र आलं त्याच दिवशी उघडा. पालिकेच्या लोकशिक्षण केंद्रात, ज्याला तिथे फोल्क्सहोखशूले म्हणतात, सुरुवातीच्या जर्मनच्या वर्गात नाव घाला. सकाळची तुकडी घ्या, मुलगी बालवाडीत असते तेव्हाची.

सासूबाई दुष्टपणाने पहाटे फोन करत नाहीत. सावद्यात सकाळचे सात वाजले की त्यांची पूजा आटोपते, त्या फोन लावतात. तिकडे उन्हाळ्यात साडेतीन वाजलेले असतात, हिवाळ्यात अडीच. हे त्यांना कुणी सांगितलंय का? सावद्यातल्या दुपारी साडेबाराला तुम्हीच फोन करा, तेव्हा तुमच्याकडे उन्हाळ्यात नऊ आणि हिवाळ्यात आठ असतात. भरीत भाजताना खिडकी पूर्ण उघडा, तेवढं त्याला पुरे.

परत यायचं का, हे मी आज सांगणार नाही. परत यायचं ठरलं तरी घर सोडायची लेखी नोटीस साधारण तीन महिने आधी, महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाकडे पोचवावी लागते. बालवाडी, विमा, वीज आणि गावातली नोंद, सगळं कागदावरच बंद करावं लागतं. तेही तुम्हालाच करायचं आहे. पिवळ्या पाकिटावरची तारीख वाचून मला लगेच कळवा.