मिटल्या डोळ्यांपुढे चित्रच येत नसेल तर?

प्रश्न : ताण कमी व्हावा म्हणून मी रात्री ध्वनिफितीतील सूचनांनुसार समुद्रकिनाऱ्याची कल्पना करते; परंतु दृश्य काही केल्या उमटत नाही आणि उलट चिडचिड होते. हा उपाय सोडून द्यावा का?

उत्तर : सोडू नका, किनारा मात्र अवश्य सोडा. काही व्यक्तींच्या मनःचक्षूंपुढे चित्रे उमटतच नाहीत. ब्रिटिश मज्जातंतुतज्ज्ञ अ‍ॅडम झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या वैशिष्ट्याला ‘अफँटेशिया’ असे नाव दिले, आणि तो आजार मानला जात नाही. तुमच्या बाबतीत तसे असेलच असे नाही, कारण थकलेल्या मनालाही दृश्य सहज सुचत नाही. कल्पनाचित्रणात नजरेला अवास्तव महत्त्व दिले जाते, असे माझे मत आहे. आपल्या परिचयाची, सुरक्षित वाटणारी जागा निवडून तेथील पावसाचा आवाज, ओल्या मातीचा वास, पायांखालच्या शहाबादी फरशीचा गारवा यांपैकी जे सहज आठवेल त्यावर लक्ष ठेवावे आणि श्वास आत घेण्यापेक्षा सोडण्यास थोडा अधिक वेळ द्यावा, म्हणजे हृदयगती मंदावण्यास मदत होते. वाहन चालवताना हा प्रयोग करू नये. डोळे मिटताच जुने आघात आठवत असल्यास तो थांबवून मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.