लोत नदीच्या खोऱ्यातील पहिली पायवाट

पहिल्याच खेपेस मोठा पल्ला न धरता, फ्रान्समधील जीआर ६५ या लांब पल्ल्याच्या पायवाटेवरील सें-कोम-दोल्त ते एस्तें हा सुमारे 20 किलोमीटरांचा टप्पा निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन. सें-कोमच्या चर्चचा पीळ दिलेला कळस, एस्पालियोंजवळचे तांबड्या दगडाचे पेर्स चर्च आणि शेवटी एस्तेंचा किल्ला, हे सारे त्यातच भेटते.

नवखे हमखास चुकतात त्या गोष्टी अशा:

- नदीकाठची वाट सपाटच असेल, असे ते धरून चालतात. बेसुएजूल गावच्या चर्चनंतर खडा चढ लागतो. तत्पूर्वी तेथील घंटामनोऱ्याचा अरुंद जिना चढून वरचे छोटे प्रार्थनास्थळ, त्यातील कोरीव स्तंभशीर्षांसह, अवश्य पाहावे; घाईत ते राहून जाते.
- पांढऱ्या-तांबड्या फुलीकडे दुर्लक्ष करतात. ती चुकीच्या वाटेची खूण असते; दिसताच मागे फिरावे.
- दुपारी दुकाने बंद असतात. शिधा सकाळीच घ्यावा.

बूट मात्र आधी घरी वापरून मुरवावेत.